वेडीवाकडी गल्ली आणि तिचे गणित

जुन्या गावठाणातल्या गल्लीला आपण सहज ‘वेडीवाकडी’ म्हणतो. व्युत्पत्ती काहीही असो, जे सरळ नाही ते शहाणे नाही, असा एक निवाडा त्या जोडशब्दात ऐकू येतो. तो भाषेपुरताच राहिला असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला, आणि दाट वस्त्या पाडून रुंद, सरळ रस्ते काढणे हे आरोग्याचे दुसरे नाव ठरले. वाकडेपणाची किंमत माणसांनी आपली घरे देऊन मोजली.

या निवाड्याविरुद्ध बोलणाऱ्यांत पॅट्रिक गेडिस हे नाव ठळक आहे. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ असलेले गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. सरसकट पाडापाडीने गर्दी नाहीशी होत नाही, ती फक्त शेजारच्या वस्तीत सरकते, हे त्यांनी वारंवार सांगितले. त्यांची पद्धत बेताच्या शस्त्रक्रियेची होती. पडकी घरे तेवढी काढावीत, विहीर, झाड, देऊळ, ओटा राखावा, मोकळी जागा थोडी वाढवावी. जुन्या गावात एक व्यवस्था आहे, हे त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेने ओळखले होते. मात्र ती व्यवस्था मोजून दाखवण्याचे साधन त्यांच्या काळी नव्हते.

ते साधन पुढे एका वेगळ्याच प्रश्नातून आले. ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, असा प्रश्न बन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये एका लेखात विचारला. मोजपट्टी जितकी लहान, तितकी लांबी वाढत जाते, कारण प्रत्येक वळणात आणखी लहान वळणे असतात. अशा आकारांना त्यांनी १९७५ मध्ये ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. ज्या लॅटिन शब्दावरून ते घेतले, त्याचा अर्थ ‘भग्न’ असा आहे.

वस्तीला हे गणित कसे लागू पडते? नकाशावर चौकोनांची जाळी ठेवावी आणि बांधकामाने स्पर्श केलेले चौकोन मोजावेत. मग चौकोनाची बाजू निम्मी करून पुन्हा मोजावे. नकाशावर नुसती सरळ रेघ असेल तर संख्या दुप्पट होते, तेव्हा मिती १. सलग भरलेले क्षेत्र असेल तर चौपट, तेव्हा मिती २. वाढत गेलेले शहर या दोहोंच्या मध्ये पडते. मिती १.७ असेल तर संख्या दर वेळी सुमारे सव्वातीन पट होते. मायकेल बॅटी आणि पॉल लाँगली यांनी ‘फ्रॅक्टल सिटीज’ या १९९४ च्या ग्रंथात अशी अनेक मापे दिली आहेत. त्यांतील लंडनची मिती १८२० मध्ये १.३ च्या आसपास होती, ती विसाव्या शतकाच्या मध्यास १.८ च्या जवळ पोहोचली. ज्याला आपण अस्ताव्यस्त म्हणतो त्याला एक नियम असतो, आणि तो गल्लीपासून शहरापर्यंत निरनिराळ्या प्रमाणांवर पुन्हा पुन्हा दिसतो, एवढे यातून निश्चित होते.

पण इथेच ‘आपोआप वाढलेली वस्ती’ हा आपला लाडका शब्दप्रयोग तपासून पाहायला हवा. रॉन एग्लॅश यांनी ‘आफ्रिकन फ्रॅक्टल्स’ (१९९९) मध्ये दक्षिण झांबियातील बा-इला लोकांच्या गावाचा अभ्यास मांडला आहे. हे गाव म्हणजे वर्तुळांचे वर्तुळ. प्रत्येक कुटुंबाचे आवार वर्तुळाकार असते, दाराशी लहान कोठारे आणि मागे जावे तशी मोठी घरे. अशा आवारांचे मिळून जे गाव होते, त्याचा आकारही तोच, आणि त्यातही मागच्या बाजूस मान अधिक. ही रचना नकळत झालेली नाही, तिच्यामागे जाणीवपूर्वक विचार आहे, असे एग्लॅश यांचे म्हणणे आहे. लंडनही आपोआप वाढले नाही. तिथले प्रत्येक घर कोणीतरी, कसल्यातरी हिशोबाने बांधले होते. ‘आपोआप’ म्हटले की असे असंख्य कर्ते वाक्यातून गळून पडतात.

मितीचा आकडाही त्यांना परत आणू शकत नाही. जाळीतला चौकोन भरलेला की रिकामा, एवढेच त्याला कळते. आपल्या गावाचा नकाशा त्या जाळीखाली ठेवला, तर वाड्याचा चौकोन आणि गावकुसाबाहेरच्या झोपडीचा चौकोन सारख्याच किमतीचे ठरतील. कोण कुठे राहिला आणि कोणाला कुठे राहू दिले गेले नाही, हे मोजणीत येत नाही. त्यासाठी दस्तऐवज लागतात, आठवणी लागतात, आणि दलित आत्मकथनांनी दिलेली साक्ष लागते.

तेव्हा या गणिताकडून मागावे ते नेमके मागावे. वाकड्या गल्लीवरचा वेडेपणाचा आरोप ते खोडून काढते, आणि ज्यांची घरे त्या आरोपाखाली पाडली गेली त्यांच्या दृष्टीने हे लहान काम नव्हे. ती गल्ली न्याय्य होती की नाही, हे मात्र इतिहासालाच विचारावे लागेल.