जिनिंग कारखान्यांचे संघ आणि स्पर्धेचा कायदा : विदर्भ व युरोप

नागपूर जिल्ह्यातील भिवापूर हे तालुक्याचे गाव तेथील मिरचीकरिता प्रसिद्ध आहे. अशा गावच्या बाजारात गाडीभर माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यापुढे एक प्रश्न पूर्वापार उभा राहिलेला आहे. समोरचे खरेदीदार खरोखरच परस्परांशी चढाओढ करीत आहेत, की भाव आपसांत ठरवूनच बाजारात आले आहेत? या प्रश्नाचा लेखी इतिहास विदर्भात मुख्यत्वे कापसाच्या व्यवहारात आढळतो. युरोपातील कार्टेलविरोधी कायद्याच्या वाटचालीशी तो ताडून पाहणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१८७० मध्ये खामगावास आगगाडी पोहोचली. त्यानंतरच्या काळात वऱ्हाड व नागपूर प्रांतात सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने झपाट्याने वाढले. हंगाम अवघा काही महिन्यांचा आणि कारखाने गरजेपेक्षा अधिक, अशी स्थिती होताच मालकांनी संघ स्थापन केले. हे संघ ‘पूल’ या नावाने ओळखले जात. गावातील सर्व कारखान्यांचा दर एक ठरे. त्यातील काही भाग सामाईक निधीत जमा होई, आणि तो निधी ठरलेल्या हिश्श्यांप्रमाणे वाटला जाई. काही कारखाने हंगामभर बंद राहत, तरीही त्यांना वाटा मिळे. परिणामी केवळ या वाट्याच्या आशेने नवे कारखाने उभारले जाऊ लागले. बंद यंत्रांवर गुंतलेल्या या भांडवलाचा भार अखेर कापसाच्या भावावर, म्हणजेच उत्पादकावर, पडणे अपरिहार्य होते.

कायद्याची दृष्टी या काळात काय होती? १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे व्यवसायास प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्य ठरतो. तथापि १८९७ च्या हरिभाई माणेकलाल विरुद्ध शरफअली इसाबजी या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने जिनिंग कारखान्यांचा समान दराचा व उत्पन्न वाटून घेण्याचा करार या कलमाच्या कक्षेबाहेरचा मानला. त्याच वर्षी लाइपझिग येथील जर्मन साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅक्सनीतील लाकडी लगदा उत्पादकांचा संघकरार ग्राह्य धरला. दोन दूरस्थ न्यायालये एकाच निष्कर्षाप्रत यावीत, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. दोन्ही ठिकाणी वाद करारातील पक्षांमध्येच होता. ज्याच्या खिशातून वाढीव दर जाणार, तो शेतकरी अथवा ग्राहक न्यायालयापुढे पक्षकार नव्हता.

१८९७ च्याच वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने वजनमापे, दलाली व बाजारशुल्क यांस शिस्त लावली. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखाना अधिनियमाचा रोख प्रामुख्याने भेसळीवर होता. या दोन्ही सुधारणा मोलाच्या होत्या. परंतु कारखानदारांचा आपसांतील समझोता त्यांनी अपराध मानला नाही.

युरोपात पालट झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. २५ मार्च १९५७ च्या रोम कराराच्या कलम ८५ ने (आजचे कलम १०१) स्पर्धा कुंठित करणारे समझोते निषिद्ध व शून्य ठरविले. १९६२ च्या १७ क्रमांकाच्या नियमावलीने युरोपीय आयोगास चौकशीचे व दंडाचे अधिकार दिले. १९६९ मध्ये क्विनीन उत्पादकांवर आयोगाने दंड बसविला. त्यांनी ‘सभ्य गृहस्थांचा करार’ या नावाखाली गुप्तपणे किमती व बाजार वाटून घेतले होते. येथे प्रश्न दोन सह्या करणाऱ्यांमधील न्यायाचा उरला नाही. सार्वजनिक अधिकारसंस्था अनुपस्थित ग्राहकाच्या वतीने उभी राहिली.

भारताचा मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा अधिनियमही १९६९ चाच. मात्र निषिद्ध प्रथा बंद करण्याचा आदेश देणे हेच त्याखालील आयोगाचे मुख्य साधन होते. कार्टेलवर जरब बसेल असा दंड करण्याचा अधिकार त्याला नव्हता. कापसापुरता महाराष्ट्राने निराळाच मार्ग पत्करला. १९७१ च्या अधिनियमान्वये एकाधिकार खरेदी योजना आली, म्हणजे खाजगी संघाच्या जागी राज्याचीच मक्तेदारी आली. किंमत ठरविणाऱ्या समझोत्यांना मूलतःच हानिकारक गृहीत धरणारा स्पर्धा अधिनियम २००२ मध्ये संमत झाला, आणि त्याची कार्टेलविषयक कलमे २० मे २००९ पासून अमलात आली.

या तुलनेतून इतिहासाच्या अभ्यासकाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. जिनिंग संघांविषयी आज लेखी पुरावा मिळतो, कारण ते संघ वैध होते. त्यांचे करार लिहिले जात, आणि ते मोडले तर मालक न्यायालयात जात. समझोता अपराध ठरताच कागद नाहीसा होतो आणि उरतो केवळ संकेत. म्हणूनच युरोपीय आयोगाला १९९६ मध्ये, गुपित फोडणाऱ्या सभासदास दंडात सूट देण्याची योजना आखावी लागली. भारतीय कायद्यानेही पुढे तशी तरतूद केली. परंतु अशी सूट मोठ्या दंडाच्या धाकावरच परिणामकारक ठरते. लहान बाजारातील चार खरेदीदारांमध्ये, जेथे दंडाचे भय थोडे आणि शेजारधर्माचे बंधन मोठे, तेथे ती कितपत पोहोचेल? निषेधाचे कलम लिहिणे हा या इतिहासाचा अर्धाच भाग आहे. उरलेला भाग, म्हणजे कायदा भिवापूरच्या बाजारातील गाडीपर्यंत नेणे, अद्याप घडावयाचा आहे.