वार्धक्यशास्त्र विद्यापीठांत कसें आलें

घरांतील वडील माणूस चार दिवस अंथरुणावरून उठलें नाहीं, कीं आपण म्हणतों, 'वय झालें.' या दोन शब्दांत निदानहि होतें आणि उपचारहि संपतो. परंतु हे दोन शब्द पुरेसे नाहींत असें म्हणणारीं माणसें गेल्या सव्वाशें वर्षांत यूरोप-अमेरिकेंत निघालीं, आणि त्यांच्या हट्टामुळें वार्धक्य हा विद्यापीठांत शिकविण्याचा विषय झाला. त्याची हकीकत, श्रोतेहो, आज सांगावयाची आहे.

आपल्याकडे हा विषय अगदींच अपरिचित होता असें नव्हे. आयुर्वेदाचीं जीं आठ अंगें सांगितलीं आहेत त्यांत जरा, म्हणजे रसायनतंत्र, हें एक स्वतंत्र अंग आहे, आणि चरकाच्या चिकित्सास्थानाचा आरंभच रसायनाच्या अध्यायानें होतो. च्यवन ऋषि पुन्हां तरुण झाल्याची कथा तर घरोघर ठाऊक आहे. हिवाळ्यांत ती चमच्यानें चाटलीहि जाते. मात्र या साऱ्या विद्येचा रोख म्हातारपण दूर कसें सारावें याकडे होता. म्हातारपण आल्यावर माणसांत जे फरक पडतात त्यांतले वयामुळें किती आणि इतर कारणांनीं किती, हा प्रश्न निराळा. आणि नवें शास्त्र उभें आहे तें याच प्रश्नावर.

गंमत अशी कीं, या शास्त्राला नांव मिळालें तें दीर्घायुष्याच्या शोधांतूनच. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांनीं १९०३ सालीं 'जेरंटॉलॉजी' हा शब्द प्रचारांत आणला. आंतड्यांतील जंतूंच्या विषानें माणूस अकालीं म्हातारा होतो व आंबविलेल्या दुधांतील जंतु त्यांना आवरतात, असें त्यांचें मत होतें, आणि तसलें दूध ते स्वतः नेमानें घेत. दह्याताकावर वाढलेल्या आपल्या लोकांना हें ऐकून बरें वाटेल. पण मेच्निकॉफ १९१६ सालीं ७१ व्या वर्षीं वारले, आणि त्यांचें तें मत सिद्ध व्हावयाचें राहिलें तें राहिलेंच. शब्द तेवढा टिकला.

दुसरा शब्द, 'जेरियाट्रिक्स', म्हणजे वृद्धांची चिकित्सा, हा १९०९ सालीं न्यूयॉर्कच्या डॉक्टर नॅशर यांनीं बनविला. विद्यार्थिदशेंत त्यांनीं अनाथालयांतील एका वृद्धेच्या दुखण्याविषयीं विचारलें, तेव्हां तिला म्हातारपण झालें आहे, त्याला इलाज नाहीं, असें उत्तर मिळालें, अशी आख्यायिका आहे. लहान मुलाचें शरीर म्हणजे लहान आकाराचें मोठें माणूस नव्हे, हें मान्य होऊन बालचिकित्सा वेगळी झाली. तसेंच वृद्धाचें शरीर म्हणजे बिघडलेलें तरुण शरीर नव्हे, असें नॅशर यांचें म्हणणें. १९१४ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला. त्याला प्रस्तावना लिहिली ती अमेरिकेंतील बालचिकित्सेचे आद्य पुरस्कर्ते डॉक्टर जाकोबी यांनीं. तथापि महाविद्यालयांनीं या ग्रंथाकडे फारसें लक्ष दिलें नाहीं.

शब्द निघाल्यानें रोगी उठत नाहींत. त्यांना उठविलें तें एका इंग्रज बाईंनीं.

लंडनच्या पश्चिमेस आयझलवर्थ येथें वेस्ट मिडलसेक्स नांवाचें रुग्णालय आहे. १९३५ सालीं शेजारच्या वर्कहाउसचा, म्हणजे सरकारी कंगालखान्याचा, दवाखाना त्या रुग्णालयाकडे आला, आणि तो सांभाळण्याचें काम डॉक्टर मार्जरी वॉरेन यांच्याकडे सोंपविण्यांत आलें. तेथें सातशेंहून अधिक रोगी होते. बहुतेक वृद्ध, बहुतेक 'असाध्य' म्हणून नोंदलेले. अर्धांगवायूचा रोगी, मोडक्या मांडीची वृद्धा, भ्रमिष्ट, आणि जिला केवळ घर नाहीं म्हणून ठेवलेली अशी एखादी म्हातारी, सारीं एकाच दालनांत पडून होतीं. वॉरेनबाईंनीं काय केलें? कांहींहि अद्भुत केलें नाहीं. त्यांनीं प्रत्येक रोगी तपासला. तपासणीअंतीं असें दिसलें कीं, कित्येकांचा मूळ रोग केव्हांच शमला असून आतांचें दुखणें खाटेचें आहे. हालचाल नाहीं म्हणून सांधे आंखडलेले, पाठीला व्रण पडलेले, मलमूत्रावरचा ताबा सुटलेला, आणि कोणी बोलावयास नाहीं म्हणून मन विझलेलें. 'अंथरुणाला खिळणें' हा प्रयोग आपण सहज करतों. तो खिळा कोणी ठोकला याची चौकशी या बाईंनीं केली.

मग रोग्यांची वर्गवारी झाली. भिंती उजळल्या, बसावयास खुर्च्या आल्या, चालण्याचा सराव सुरूं झाला. बरींच माणसें उठून चालूं लागलीं आणि कित्येक घरीं परतलीं. १९४३ व १९४६ सालीं वैद्यकीय नियतकालिकांत लेख लिहून त्यांनीं मागणी केली कीं, वृद्धांसाठीं सर्वसाधारण रुग्णालयांतच स्वतंत्र विभाग असावेत आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तेथें शिकवावें. दुसरी मागणी मला अधिक मोलाची वाटते. जें शिकविलें जात नाहीं तें, शिकलेल्या माणसाच्या लेखीं, अस्तित्वांतच नसतें. ती मागणी फळास आली तेव्हां बाई हयात नव्हत्या. १९६५ सालीं ग्लासगो विद्यापीठांत या विषयाचें जगांतलें पहिलें अध्यासन निर्माण झालें व डॉक्टर फर्ग्युसन अँडरसन त्यावर बसले.

येथवर वार्धक्य आणि रोग यांची फारकत झाली. वार्धक्य आणि दारिद्र्य यांची फारकत करण्याचें काम मात्र डॉक्टरांनीं केलें नाहीं. तें अमेरिकेंत एका मुख्याध्यापिकेनें हातीं घेतलें, ही गोष्ट सांगतांना माझ्यासारख्या शाळामास्तराला थोडा अभिमान वाटला तर श्रोत्यांनीं क्षमा करावी. एथेल पर्सी अँड्रस या लॉस एंजल्सच्या एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. १९४४ सालीं त्या निवृत्त झाल्या. पुढें एक जुनी शिक्षिका घरभाडें परवडत नाहीं म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यांत राहते, असें त्यांच्या दृष्टीस पडलें. १९४७ सालीं त्यांनीं निवृत्त शिक्षकांचा संघ काढला आणि १९५८ सालीं सर्वच निवृत्तांचा. १९६७ सालीं बाई वारल्या. ज्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या त्या डॉक्टरेट, तेथें त्यांच्या नांवानें वार्धक्यसंशोधनाचें केंद्र उभें राहिलें. आणि १९७५ सालीं, मानसशास्त्रज्ञ जेम्स बिरेन यांच्या नेतृत्वाखालीं, पदव्या देणारें वार्धक्यशास्त्राचें पहिलें स्वतंत्र विद्यालय तेथेंच निघालें. शरीरशास्त्र, मानसशास्त्र, कायदा, अर्थकारण, सारें तेथें एका छपराखालीं आलें.

त्याच केंद्रांत कांहीं वर्षें काम केलेल्या वॉर्नर शाय यांचा प्रयोग सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. 'साठी बुद्धि नाठी' असें आपण म्हणतों, आणि पूर्वींच्या मानसशास्त्रज्ञांच्या परीक्षांतहि तरुणांपेक्षां वृद्धांना गुण बरेच कमी पडत. पण शेतकरी आजोबा आणि त्यांचा पदवीधर नातू यांना एकच प्रश्नपत्रिका दिली व नातवाला गुण अधिक पडले, तर तो फरक वयाचा कीं शाळेचा? जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला ही शंका चटकन् पटते. शाय यांनीं १९५६ सालीं सिॲटल शहरांत पांचशें माणसें निवडलीं, आणि दर सात वर्षांनीं जितकीं हातीं लागलीं तितक्यांची पुन्हां परीक्षा घेतली. माणसाची तुलना त्याच्याच पूर्वींच्या गुणांशीं केल्यावर चित्र पालटलें. कामाचा वेग लवकर मंदावतो, हें खरें. पण बहुतेक बौद्धिक शक्तींची सरासरी घसरण साठीच्या सुमारास वा त्यानंतरच ध्यानांत येण्याजोगी होते, आणि माणसामाणसांत फार अंतर पडतें.

आपल्या देशांत १९९६ सालीं मद्रास मेडिकल कॉलेजानें वृद्धचिकित्सेची एम्. डी. पदवी सुरूं केली. देश मोठा आणि गरज त्याहून मोठी: २०११ च्या शिरगणतींत साठीवरचीं माणसें १० कोटींहून अधिक भरलीं. मुंबईस देवनार येथील लोकसंख्याशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०१७-१८ सालीं पंचेचाळीस वर्षांवरील सुमारें ७२ हजार माणसांची पाहणी केली. तिच्या सहकाऱ्यांत हार्वर्डबरोबर अँड्रसबाईंचें तें दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठहि होतें. पाहणी करणारे घरीं गेले, हाताच्या पकडीचा जोर मोजला, श्वास मोजला, दहा शब्द ऐकवून किती आठवतात तें विचारलें. उत्तर देणाऱ्यांत शाळेचें तोंड न पाहिलेल्या पुष्कळ बायका होत्या. त्यांच्या आठवणींतून निसटलेल्या शब्दांपैकीं वयाच्या खात्यावर किती टाकावे, न मिळालेल्या शाळेच्या किती, आणि चुलीच्या धुरांत गेलेल्या वर्षांच्या किती, हें एका भेटींत ठरणारें नाहीं. म्हणून त्याच माणसांकडे पुन्हां पुन्हां जाण्याची योजना आंखलेली आहे.