सुरखी ते राख : रत्नागिरीच्या बांधकामातील टाकाऊ द्रव्यांचा वारसा

खारे वारे, वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस आणि सच्छिद्र जांभा यांमुळे रत्नागिरीच्या किनाऱ्यावर भक्कमपणाइतकेच महत्त्व ओल व क्षार थोपवण्याला राहिले आहे. सिमेंट येण्यापूर्वी कोकणात शिंपले भट्टीत भाजून चुना काढला जाई आणि तो विरवून, रेती मिसळून घाण्यात मळला जाई. नुसता चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होत असल्याने ओलीत कच्चा राहतो. म्हणून पाण्याशी संबंध येणाऱ्या कामांत सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळण्याची रीत भारतात रूढ होती. सुरखीतील सिलिका चुन्याशी संयोग पावून पाण्यातही घट्ट होते. अशा द्रव्यांना इटलीतील पोत्सुओली येथील ज्वालामुखी राखेवरून पॉझोलाना म्हणतात.

१९१० मध्ये पूर्ण झालेला रत्नागिरीतील थिबा राजवाडा जांभ्याच्या भिंतींवर उभा राहिला. पुढे सळयांच्या काँक्रीटचे युग आले आणि दुखणेही बदलले, कारण समुद्राच्या मिठातील क्लोराइड काँक्रीटच्या छिद्रांतून सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि वरचा थर फुटतो. यावरचा एक उपाय पुन्हा टाकाऊतच सापडला. उत्तर प्रदेशातील रिहंद धरणाच्या काँक्रीटमध्ये औष्णिक केंद्राची राख वापरली गेली, तर लोखंडाच्या झोतभट्ट्यांतील धातुमळीपासून होणाऱ्या स्लॅग सिमेंटचे भारतीय मानक १९५३ मध्येच आले होते. २०१०-११ मध्ये जयगड येथे १,२०० मेगावॉटचे कोळशावरील वीजकेंद्र सुरू झाल्यावर अशी राख रत्नागिरी जिल्ह्यातच निर्माण होऊ लागली.

सिमेंट व पाणी यांच्या क्रियेतून जो मोकळा चुना उरतो, त्याच्याशी राखेतील सिलिका सावकाश संयोग पावते आणि छिद्रे बारीक होत जाऊन क्लोराइडची वाट अडते. सुरखीचे रसायन ते हेच. मात्र ही क्रिया संथ असल्याने सुरुवातीची ताकद कमी भरते, आणि म्हणूनच भारतीय मानक ४५६ (२०००) साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, तर राख किंवा स्लॅग मिसळलेल्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारण्यास सांगते. शिवाय चुना खर्ची पडल्याने सळईचे रक्षण करणारी अल्कता घटते, तेव्हा सळईवरील काँक्रीटचे आवरण पुरेसे जाड व दाट असणे अनिवार्य ठरते. राख मिसळल्याने खर्च वाचतो म्हणून पाणी मारण्याचे दिवसही वाचवले, तर किनाऱ्यावरचे काँक्रीट अल्पायुषी ठरेल. टाकाऊ द्रव्याला टिकाऊपणा येतो तो चुना मळणाऱ्या कारागिराइतकाच धीर आजच्या बांधकामात राखला गेला तरच.