माधुकरी ते मधली सुट्टी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सदाशिव पेठेतल्या पाट्यांवर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. या पेठेच्या उंबऱ्यांवर किती शाळकरी मुलं जेवून मोठी झाली, याची आठवण मात्र आता फारशी कुणी काढत नाही. मुलांनी मधल्या सुट्टीत पौष्टिक खावं, वेफर्सचं पाकीट टाळावं, म्हणून आपण सगळे काळजीत असतो. या काळजीला उपयोगी पडेल असं काहीतरी त्या आठवणीत आहे.

एकोणिसाव्या शतकात आणि नंतरही कितीतरी वर्षं कोकणातून, देशावरून गरीब ब्राह्मण मुलं शिकायला पुण्यात येत. राहायला कुणाच्या वाड्यातली ओसरी आणि जेवायला वार. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. सात घरं मिळाली तर आठवडा भरला. पाचच मिळाली तर दोन दिवस अर्धपोटी. ज्यांना वार मिळत नसत ते माधुकरी मागत. मधुकर म्हणजे भुंगा. फुलाफुलांतून थोडं थोडं घ्यावं तसा एका घरचा भात, दुसऱ्या घरचं वरण, तिसऱ्या घरची पोळी. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं. आज आपण त्याला पुणे विद्यार्थी गृह म्हणतो. सदाशिव पेठेतल्या या संस्थेचे सुरुवातीचे विद्यार्थीही माधुकरीवरच शिकले.

या पद्धतीत मोठी माया होती. दारात आलेल्या विद्यार्थ्याला रिकाम्या हाती पाठवू नये, हा संकेत पेठेनं पाळला. पण त्या मुलाला आवडनिवड नव्हती. वाढलं ते खायचं आणि मान खाली घालून निघायचं. शिवाय हे उंबरे सगळ्यांसाठी नव्हते. माझ्या नावाचा मुलगा त्या काळी झोळी घेऊन तिथं उभा राहू शकला नसता. बहुजन समाजातला आणि अस्पृश्य मानलेला मुलगाही नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, इतिहास म्हणून सांगतो.

मग ही मुलं जेवली कुठं? त्यासाठी पुण्याच्या दक्षिणेला जावं लागतं. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी केली. १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनीच पुढाकार घेतला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्यापुढचं पाऊल टाकलं. साताऱ्यात १९२४ साली सुरू केलेल्या वसतिगृहात त्यांनी सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र ठेवली, एका पंगतीत बसवली. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीनं, मंगळसूत्रसुद्धा विकलं. तिथली भाकरी साधी होती, पण ती कुणी उंबऱ्यावरून टाकलेली नव्हती. स्वावलंबन हा तिथला नियम होता. मुलं कामं वाटून घेत, कष्ट करत आणि शिकत. आपल्या हातचं जेवण मुलाला गोड लागतं, हे कर्मवीरांना कुणी आहारतज्ज्ञानं सांगावं लागलं नाही.

पुढं ही जबाबदारी सरकारनं उचलली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशभर शालेय पोषण आहार योजना सुरू झाली. आपल्याकडे आधी मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्नच द्या, असा आदेश दिला आणि शाळाशाळांत खिचडीचा वास दरवळू लागला. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं प्रमाण ठरलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरलं. जो अंडं खात नाही त्याला केळं. ताटात काय हवं, हे इथं मुलाला विचारलं गेलं, म्हणून मला त्या निर्णयाचं अप्रूप वाटलं. जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं अंड्यांचा निधी थांबवला. गरीब घरच्या मुलाचं त्यात काय गेलं, ते त्याच्या आईला विचारावं.

दुसऱ्या बाजूला बंदीचा मार्गही झाला. २०१७ साली राज्य सरकारनं शाळेच्या उपाहारगृहांत अति साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकायला मनाई केली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी ही मनाई शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत नेली. नियम हवेतच. पण एक्कावन्नाव्या मीटरवर मूल एकटंच असतं आणि खिशात दहाची नोट असते. तिथं त्याची स्वतःची आवडच कामाला येते.

ती आवड लावायची कशी? कर्मवीरांचा धडा घरात आणता येईल. रविवारी संध्याकाळी मुलाला जवळ बसवा आणि आठवड्याचे डबे त्यालाच ठरवू द्या. मटकीची उसळ की मेथीचा पराठा, पेरू की केळं, एवढी निवड पुरे. मोड आलेली मटकी त्याला निवडू द्या, पोळीचा एखादा वेडावाकडा गोळा लाटू द्या. शाळेत गुरुजी-बाईंनी आठवड्यातून एकदा मुलांच्या गोलात बसून आपला डबा उघडावा. काही मुलं डब्याचं झाकण आडवं धरून खातात. आपला डबा इतरांपेक्षा वेगळा आहे, याची त्यांना लाज वाटते. बाजरीची भाकरी असो, खिमा असो की वाळलेला बोंबील, त्या झाकणाआडचं अन्न बहुतेक वेळा पाकिटातल्या वेफर्सपेक्षा सकसच असतं. ते झाकण खाली ठेवायला मुलाला धीर द्यावा. मग दहाच्या नोटेची ओढ पुष्कळ कमी होईल.