विवाहविधीतील दुभाषी

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार वधू-वरांच्या परस्पर संमतीनेच विवाह घडतो. त्या संमतीची उणीव कोणतीही मानवी सत्ता भरून काढू शकत नाही, असे १९८३ च्या कॅनन कायद्याचे कलम १०५७ सांगते. परंतु वधू-वरांपैकी एकाला धर्मगुरूंची भाषा समजत नसेल तर काय करावे? नोकरी-शिक्षणासाठी आपली तरुण पिढी परप्रांतात आणि परदेशात जात असल्याने हा प्रश्न आपल्याही धर्मग्रामांत उद्भवू शकतो.

अशा वेळी दुभाष्याच्या साहाय्याने विवाह करता येतो, असे कलम ११०६ स्पष्ट करते. मात्र दुभाषी विश्वासार्ह असल्याची खात्री पटल्याशिवाय धर्मगुरूंनी तो विवाह लावू नये, अशी अट त्यात आहे.

दुभाषी हा प्रतिनिधी नव्हे. कलम ११०५ नुसार प्रतिनिधी अनुपस्थित व्यक्तीच्या वतीने, लेखी अधिकारपत्राच्या आधारे संमती देतो. दुभाषी केवळ शब्द पोहोचवतो. संमती वधू-वरांनी स्वतःच द्यावयाची असते. ज्यांना बोलता येत नाही ते खुणांनी संमती देऊ शकतात (कलम ११०४).

दुभाष्याची खरी कसोटी विवाहपूर्व चौकशीच्या वेळी लागते. आपण स्वखुशीने विवाह करीत आहात काय, असे धर्मगुरू विचारतात. बळजबरीने किंवा गंभीर धाकाने झालेला विवाह कलम ११०३ प्रमाणे अवैध ठरतो. दबाव आणणारा आप्तच दुभाषी झाला, तर मुलीचा नकार धर्मगुरूंपर्यंत पोहोचणारच नाही. म्हणून दोन्ही भाषा उत्तम जाणणारी, परंतु या विवाहात कोणताही हितसंबंध नसलेली व्यक्ती निवडणे श्रेयस्कर. तिने प्रश्न आणि उत्तर जसेच्या तसे सांगावे. स्वतःच्या मनाने काही वाढवू वा गाळू नये. वचनांचे शब्द वधू-वरांना आधीच त्यांच्या भाषेत लेखी द्यावेत व सराव करून घ्यावा.

विवाहापूर्वीचा पापनिवेदन संस्कारही इच्छा असल्यास दुभाष्यामार्फत घेता येतो (कलम ९९०). तेथे ऐकलेले गुप्त राखण्यास दुभाषीही बांधील असतो.

तेव्हा विवाहाची तारीख ठरवितानाच भाषेची अडचण आपल्या धर्मगुरूंच्या कानी घालावी, अशी आम्ही विनंती करतो. वेदीसमोर उच्चारलेल्या 'होय'चा अर्थ उच्चारणाऱ्याला पूर्णपणे उमगलेला असावा, एवढीच ख्रिस्तसभेची अपेक्षा आहे.