कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर बॅकहो

कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर बॅकहो हे साधारण ६० अश्वशक्तीपर्यंतच्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागील बाजूस बसविले जाणारे, हायड्रॉलिक दाबावर चालणारे खोदाईचे जोडउपकरण आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांत लहान शेते, बागा व ग्रामीण घरे यांच्या कामांसाठी त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर होतो. नळ व विजेच्या तारांसाठी चर खणणे, पाण्याचा निचरा करणे, झाडांचे बुंधे उपटणे आणि जमिनीतील धोंडे काढणे ही त्याची नेहमीची कामे होत. बकेटच्या समोर बसविलेल्या, तेलाच्या दाबाने हलणाऱ्या पोलादी बोटास हायड्रॉलिक थंब, म्हणजे अंगठा, असे म्हणतात. थंब बसविल्यावर केवळ खणणारे हे यंत्र वस्तू पकडून उचलूही शकते.

नाव व इतिहास

यंत्राच्या मागे बसतो म्हणून तो 'बॅकहो', असा समज सर्वत्र आढळतो. परंतु हे नाव त्याच्या कामाच्या पद्धतीवरून पडले आहे. फावड्याने माती जशी स्वतःकडे ओढली जाते, तशी या यंत्राची बकेट माती मागे, म्हणजे यंत्राकडे, ओढते. समोर ढकलून माती भरणाऱ्या लोडरहून हीच त्याची भिन्नता आहे.

छोट्या ट्रॅक्टरला अवजार जोडण्याची आजची पद्धत हॅरी फर्ग्युसन यांच्या तीन-बिंदू जोडणीपासून सुरू होते. १९३९ साली आलेल्या फोर्ड-फर्ग्युसन ९एन या ट्रॅक्टरमुळे ती सर्वत्र पसरली. पूर्णतः हायड्रॉलिक बॅकहो १९४७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात व्हायनो होलोपायनेन आणि रॉय हॅंडी यांनी फोर्ड ८एन या ट्रॅक्टरवर तयार केला. दोघांच्या नावांवरून त्यांच्या कंपनीचे नाव 'वेन-रॉय' असे पडले. ब्रिटनमध्ये जेसीबी कंपनीने १९५३ साली लोडर व बॅकहो एकाच ट्रॅक्टरवर आणले, तर अमेरिकेतील केस कंपनीने १९५७ साली ३२० हे प्रारूप कारखान्यातूनच एकसंध स्वरूपात बाजारात आणले. पुढे ही यंत्रे आकाराने वाढत गेली. आजचा कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर बॅकहो म्हणजे एका अर्थाने मूळ कल्पनेकडे, म्हणजे छोटा ट्रॅक्टर व त्यामागे सुटा होणारा खोदाईचा हात याकडे, परत जाणे होय.

रचना

बॅकहोचा हात तीन भागांचा असतो: ट्रॅक्टरजवळचा बूम, त्यापुढील डिपर आणि टोकाची बकेट. संपूर्ण हात डावी-उजवीकडे फिरविण्यासाठी बुडाशी उभा खांब व दोन सिलिंडर असतात. दोन्ही बाजूंना खाली टेकणारे आधारपाय असतात. त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. चालक ट्रॅक्टरकडे पाठ करून बॅकहोच्या आसनावर बसतो. खोदताना समोरच्या लोडरची बकेटही जमिनीवर टेकविली जाते, म्हणजे यंत्र चाकांवर न डोलता आधारांवर स्थिर राहते.

निवड

विक्रीपत्रकात खोदाईची खोली सर्वांत ठळक छापलेली असते. सर्वांत लहान ट्रॅक्टरांचे बॅकहो सुमारे ६ फूट, तर मोठ्या कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरांचे सुमारे ९ फूट खोल पोहोचतात. मात्र ही खोली हात पूर्ण ताणल्यावर एका बिंदूपाशी मिळणारी असते. सपाट तळाचा चर खणायचा झाल्यास प्रत्यक्ष खोली त्याहून कमी भरते. शिवाय बहुतेक घरगुती कामे ४ फुटांच्या आतच संपतात. म्हणून खोलीच्या आकड्यापेक्षा पुढील दोन प्रश्नांना अधिक महत्त्व द्यावे लागते: बॅकहोचा जोर ट्रॅक्टरच्या कोणत्या भागावर येतो, आणि त्याला तेल कोणत्या मार्गाने मिळते.

पहिला प्रश्न जोडणीचा आहे. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांना लांब स्वतंत्र चासी नसते. इंजिन, क्लचचे घर, गिअरपेटी आणि मागील आस हे भाग एकमेकांना बोल्टने जोडून त्यांचाच कणा बनविलेला असतो. केवळ तीन-बिंदू जोडणीवर टांगलेला बॅकहो खडकाशी झुंजू लागला, की तो ताण थेट या ओतीव घरांवर येतो. त्यात ती तडकण्याचा आणि ट्रॅक्टर मधोमध दुभंगण्याचा धोका असतो. दुसरा धोका चालकाला आहे. तीन-बिंदू जोडणीचे खालचे दांडे वर उचलले जाऊ शकतात. त्यांना खाली दाबून धरणारी शक्ती नसते. त्यामुळे एखाद्या अडकलेल्या मुळाला जोर लावताच बॅकहोचा सांगाडाच वर व पुढे दुमडतो. अशा वेळी आसनावरील माणूस सांगाडा आणि ट्रॅक्टर उलटल्यास संरक्षण देणारी चौकट यांच्यामध्ये चिरडला जाऊ शकतो.

यावरील उपाय म्हणजे सबफ्रेम. ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागील आसापासून पुढच्या लोडरच्या आधारापर्यंत जाणारी ही पोलादी चौकट बॅकहोचा ताण गिअरपेटीला वगळून दोन्ही टोकांकडे वाटून देते. सबफ्रेम ट्रॅक्टरच्या प्रत्येक प्रारूपानुसार वेगळी असते, त्यामुळे ती महाग पडते व दुसऱ्या ट्रॅक्टरवर चालत नाही. तीन-बिंदू जोडणीचा बॅकहो स्वस्त आणि कोणत्याही ट्रॅक्टरला बसणारा असतो. परंतु वाचलेली किंमत गिअरपेटीच्या दुरुस्तीपुढे क्षुल्लक ठरते. सबफ्रेम उपलब्ध असताना ती टाळण्याचे समर्थन करणे कठीण आहे.

दुसरा प्रश्न तेलाचा. हायड्रॉलिक यंत्रात तेलाचा दाब जोर ठरवितो आणि प्रवाह वेग ठरवितो. उदाहरणार्थ, मिनिटाला ३० लिटर तेल १५० बार दाबाने दिल्यास मिळणारी शक्ती ७.५ किलोवॅट, म्हणजे सुमारे १० अश्वशक्ती असते. त्यामुळे लहान इंजिनही बॅकहोला पुरेसे होते. कमी पडतो तो बहुधा पंपाचा प्रवाह, आणि मग हात संथ हलतो. प्रवाह फारच अपुरा असेल तर पीटीओ दांड्यावर स्वतंत्र पंप बसवून वेगळी तेलटाकी दिली जाते. ट्रॅक्टरचेच तेल वापरायचे असल्यास ते सामान्यतः 'पॉवर बियॉन्ड' पद्धतीने दिले जाते: पंपाचे तेल आधी लोडरच्या व्हॉल्व्हमधून, मग बॅकहोच्या व्हॉल्व्हमधून आणि शेवटी तीन-बिंदू जोडणीच्या उचलयंत्रणेकडे जाते. प्रत्येक व्हॉल्व्हचे परतीचे तेल मात्र स्वतंत्र नळीने टाकीत सोडावे लागते.

बकेटची रुंदी कामावर ठरते. नळाच्या चरासाठी ९ ते १२ इंच पुरतात. १८ इंच किंवा अधिक रुंद बकेट मऊ मातीत सोयीची असली तरी मुरमाड जमिनीत तिच्या दातांवरील जोर विभागला जातो. जुना बॅकहो घेताना फिरत्या खांबाच्या पिना व बुश यांतील ढिलाई आणि जोडांवरील वेल्डिंगच्या भेगा तपासणे आवश्यक असते.

थंब

नुसत्या बकेटने गोल धोंडा उचलणे म्हणजे चमच्याने बोर उचलण्यासारखे आहे. जमते, पण अर्ध्या वाटेत घरंगळते. थंबमुळे धोंडे, ओंडके, बुंधे, झुडपांचे भारे व पडक्या बांधकामाचे तुकडे दोन बाजूंनी धरता येतात.

थंबचे दोन प्रकार आहेत. यांत्रिक थंब एका दांड्याने डिपरला जोडलेला असून त्याचा कोन पिन काढून दोन-तीन ठरावीक जागी बदलता येतो. पकड बकेट वळवूनच घ्यावी लागते, आणि कोन बदलण्यासाठी प्रत्येक वेळी आसनावरून उतरावे लागते. तो स्वस्त, हलका आणि तेलगळतीपासून मुक्त असतो. वर्षातून काहीच दिवस धोंडे उचलणाऱ्यास तो पुरतो. हायड्रॉलिक थंब स्वतःच्या सिलिंडरवर हलतो आणि बकेट कोणत्याही कोनात असताना पकड टिकवितो.

बसविण्याच्या जागेवरूनही फरक पडतो. बकेटच्याच मुख्य पिनेवर फिरणारा थंब आणि बकेटचे दात एकाच केंद्राभोवती फिरतात, त्यामुळे त्यांची टोके सदैव जुळतात. मात्र त्यासाठी मूळ पिन काढून लांब पिन घालावी लागते. डिपरच्या खालच्या बाजूस वेगळ्या पट्टीवर वेल्ड केलेल्या थंबचे केंद्र निराळे असते. त्याची टोके एकाच कोनात दातांशी नीट भिडतात व इतरत्र मागे-पुढे होतात. असा थंब कापण्यापूर्वी बकेट ज्या स्थितीत सर्वाधिक वापरली जाईल, त्या स्थितीत पुठ्ठ्याचा नमुना धरून लांबी ठरविणे हिताचे असते.

थंबला तेल देण्यासाठी व्हॉल्व्हचा एक जादा भाग लागतो. बॅकहोचा व्हॉल्व्ह सुट्या भागांचा असेल तर एक भाग वाढविता येतो. एकसंध ओतीव असेल तर पॉवर बियॉन्डच्या मार्गात वेगळा व्हॉल्व्ह घालावा लागतो. तिसरा, स्वस्त मार्ग म्हणजे विजेच्या खटक्यावर चालणारा दिशाबदल व्हॉल्व्ह. त्याने एखाद्या अस्तित्वात असलेल्या सिलिंडरचे तेल थंबकडे वळविता येते. ते बकेटच्या सिलिंडरचे घेतल्यास थंब व बकेट एकत्र हलत नाहीत आणि पकडीचा हेतूच फसतो. ते एका आधारपायाचे घेतल्यास कामात अडथळा येत नाही. पण खटका चुकीच्या बाजूस राहिला, तर भार हवेत असताना आधारपाय उचलला जाऊन यंत्र कलंडू शकते.

सर्वांत अधिक दुर्लक्षित बाब म्हणजे बंद तेलातील दाब. ५० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरचे क्षेत्रफळ सुमारे १,९६३ चौरस मिलिमीटर असते. १५० बार दाबास तो सुमारे २९ किलोन्यूटन, म्हणजे ३ टन जोर देतो. सिलिंडर थंबच्या केंद्रापासून १५० मिलिमीटरवर आणि थंबचे टोक ६०० मिलिमीटरवर असेल, तर टोकाशी या जोराचा चौथा भागच उरतो. आता बकेटच्या दातांनी टोकावर ९ किलोन्यूटन जोर लावला, तर सिलिंडरवर ३६ किलोन्यूटन येतात आणि आतील दाब सुमारे १८३ बारपर्यंत चढतो. थंबची दांडी मधल्या स्थितीत असताना हे तेल कोंडलेले असते, आणि ट्रॅक्टरच्या मुख्य सुरक्षा-व्हॉल्व्हशी त्याचा संबंध तुटलेला असतो. परिणामी होज पाइप फुटतो, सिलिंडरची दांडी वाकते किंवा डिपरवरील वेल्डिंग उखडते. म्हणून थंबच्या मार्गात स्वतंत्र दाबमोचक व्हॉल्व्ह असावा, आणि तो सिलिंडर व होज पाइप यांच्या मर्यादेच्या आत उघडेल असा लावावा. तो उघडल्यावर थंब किंचित मागे सरकतो, परंतु काही मोडत नाही. याच सिलिंडरला २५० मिलिमीटरची धाव भरण्यास जेमतेम अर्धा लिटर तेल लागते. मिनिटाला ३० लिटरच्या प्रवाहात थंब एका सेकंदात मिटतो. तेल मंद करणारे निरोधक बसविल्यास तो आवरता येतो.

डिपर हा पातळ पत्र्यांचा पोकळ खोका असल्याने थंबचा कान थेट त्यावर वेल्ड न करता आधी रुंद पट्टी जोडली जाते. तिची वेल्डिंग डिपरच्या लांबीला समांतर ठेवतात. आडवी रेघ मारल्यास तेथूनच भेग सुरू होते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे वीजप्रवाह पिना, बुश किंवा सिलिंडरमधून जात नाही. थंबचे स्वतःचे वजन हाताच्या टोकाशी असल्याने उचलण्याची क्षमता तेवढी घटते. खोदताना थंब डिपरलगत दुमडून ठेवतात.

सुरक्षितता

अमेरिकेत खोदाईपूर्वी ८११ या क्रमांकावर कळविल्यास भूमिगत वाहिन्यांच्या जागा खुणा करून दिल्या जातात. तेथील कामगार सुरक्षा नियमांनुसार ५ फूट किंवा त्याहून खोल चरात, तो पूर्णपणे स्थिर खडकात नसल्यास, माती ढासळू नये म्हणून आधार वा उतार देणे मालकावर बंधनकारक आहे. सर्वांत लहान बॅकहोही ही मर्यादा सहज ओलांडतो. थंबमध्ये धरलेल्या भाराखाली कोणीही उभे राहू नये. होज पाइप फुटल्यास पकड तत्क्षणी सुटते.

भारतातील स्थिती

जेसीबी कंपनी १९७९ साली भारतात आली, आणि मराठीत 'जेसीबी' हे बॅकहो लोडरचे सामान्यनामच बनले. पट्ट्यांवर चालणाऱ्या एक्सकॅव्हेटरला त्याचप्रमाणे एका फ्रेंच कंपनीच्या नावावरून 'पोकलेन' म्हणतात. ही यंत्रे चालकासह तासाच्या भाड्याने मिळत असल्याने महाराष्ट्रात शेतकऱ्याने स्वतःचा बॅकहो बाळगण्याची प्रथा क्वचितच आढळते. द्राक्ष व फळबागांतील छोटे ट्रॅक्टर मुख्यतः फवारणी व आंतरमशागतीसाठी घेतले जातात. मुंबईस्थित महिंद्रा कंपनी मात्र १९९४ पासून अमेरिकेत ट्रॅक्टर विकत असून तिच्या तेथील कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरांना लोडर व बॅकहो जोडून मिळतात.