मोत्यांच्या मांडवाखाली

तमिळनाडूतल्या पट्टीश्वरम्‌च्या धेनुपुरीश्वराच्या देवळात शिरलात की आधी नंदीच खटकतो. देवासमोर सरळ रेषेत बसायचं सोडून तो बाजूला सरकलाय. का सरकला, ते बघायला १३०० हून जास्त वर्षं मागे चला.

सातवं शतक. तमिळ आणी महिना, म्हणजे आपला ज्येष्ठ-आषाढ. तुमच्या अंगात मृगाची सवय. ढग शोधायला मान वर करता आणि डोळे घट्ट मिटता. आभाळ कोरडं, वाट तव्यासारखी तापलेली. तरी कडेच्या पाटात गढूळ पाणी चढतंय, कारण कावेरी कोडगूत उगवते आणि पाऊस तिथे, आपल्याच सह्याद्रीत, कोसळतोय. इथे पोचतं ते फक्त पाणी. ऊन त्याच्यावर असं फुटतं की पाणी दिसतच नाही, नुसते पांढरे तुकडे हलतात.

पुढे टाळ वाजतात. एक लहान मुलगा गात चाललाय, मागे भक्तांचा मेळा. हा शैव बालसंत ज्ञानसंबंधर. चटके बसताहेत, तरी गाणं थांबत नाही.

एकाएकी उजेड मऊ होतो. डोक्यावर मोत्यांचा मांडव! शिवाच्या भूतगणांनी तो आणला, असं सेक्किळारांनी १२व्या शतकात ‘पेरिय पुराणा’त सांगितलं. मुत्तुपंदलचा, म्हणजे मोत्यांच्या मांडवाचा, उत्सव इथे आजही आणीत होतो. तुम्ही मात्र वर बघू नका, मातीकडे बघा. सावली काळी नाही. मधे ती मोतिया आहे, कडेला निळसर. ऊन अडलं तरी आभाळ अडलेलं नाही. त्याचा निळा उजेड बाजूने आत झिरपतोय.

हे रंग पॅरिसच्या चित्रकारांना फार उशिरा सापडले. १८६९ मध्ये मोने आणि रन्वार सेन नदीकाठी शेजारी-शेजारी बसून पाण्यावरच्या उजेडाचे तुकडे रंगवत होते. १८७६ मध्ये रन्वारने झाडाखालच्या उघड्या अंगावर हिरवट-जांभळी सावली घातलेलं चित्र मांडलं, तर आल्बेर वोल्फ या टीकाकाराला ते सडणारं मांस वाटलं. त्या चित्राइतकं जिवंत अंग मी क्वचितच पाहिलंय.

आता त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघा. कपाळावर मोत्यांचा उजेड, हनुवटीखाली पाटातल्या पाण्याची हलती झळक.

गाभाऱ्यातून देवही तेच बघायला उत्सुक होता. मधे नंदी येत होता. देव म्हणाला, जरा सरक.